सिद्धाप्पांनी हलकी केलेली गाडी

सिद्धाप्पांच्या मुलीचा, महादेवीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, मुलाच्या घरी, मेथी निवडत बसलो होतो. "काका, अप्पा गेले," ती म्हणाली. मागं कुणीतरी कानडीत रडत होतं. मला सुचलं ते एवढंच, "त्रास झाला का गं?" "न्हाय की. च्या प्याले, कप खाली ठेवला, आन् भिंतीला टेकले… तसंच." त्याला आता दीड महिना होऊन गेला. सिद्धाप्पा गिरणीत मागांचे जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती बघणारे, होते. सोलापुरात भवानी पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं लेथ मशीन होतं. त्यांच्या पंचक्रोशीबाहेर त्यांचं नाव कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण माझ्या आयुष्यात मी ज्यांच्यापुढं मनातल्या मनात हात जोडले अशी माणसं दोन-तीनच, आणि त्यांतले ते पहिले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गुरांचा डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक अक्कलकोटच्या बाजूला झाली. बावीस-तेवीस गावं, वाड्या-वस्त्या वेगळ्या, आणि डांबरी रस्ता म्हणावा असा एकच. सायकलनं हे जमणार नाही हे पहिल्याच महिन्यात कळलं, म्हणून लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी मोटारसायकल मी घेतली. गाडी दणकट होती, पण ती माझ्यासारख्यासाठी केलेली नव्हती. मी पाच फूट तीन इंच, वजन एकावन्न किलो. तिला पुढं-मागं लोखंडी गार्ड, दोन्ही अंगांना पेट्या अडकवायचे सांगाडे, जाडजूड कॅरियर. डांबरावर ती हत्तीसारखी डौलात चालायची. काळ्या रानात शिरलं की मात्र हत्ती बसायचा. ती चिकट माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये ठासून भरायची, चाक फिरेनासं व्हायचं, आणि गाडी माझ्या अंगावर कलंडायची.

पहिल्या पावसाळ्यात अशीच एका बांधाजवळ ती माझ्या पायावर पडली. पाय मोडला नाही, पण गाडी उचलेना. ओरडून घसा बसला. तास-दीड तासानं एक शेळ्यावाली बाई आली, तिनं लांबून दोन माणसं हाकारून आणली तेव्हा मी सुटलो. ज्या गाईसाठी निघालो होतो ती वासरू आडवं येऊन मेली होती. घरधनी नुसता माझ्या चिखलानं भरलेल्या पायाकडं बघत राहिला. त्या आठवड्यात मी बदलीचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गाडीचा वाकलेला ब्रेक सरळ करायला म्हणून मी सोलापुरात आलो आणि कुणीतरी सिद्धाप्पांचं घर दाखवलं. उंचपुरा, सावळा माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात मशीनच्या तेलानं माखलेली बंडी. आतून त्यांच्या पत्नीनं कानडीत "बर्री, बर्री", या, या, म्हणत पाट टाकला. सिद्धाप्पांनी ब्रेककडं बघितलंच नाही. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग माझ्याकडं बघितलं.

"डॉक्टर, तुमी हिला चालवताव का ही तुमाला?"

मी हसलो नाही. बांधावरची सगळी हकीकत सांगून टाकली, गाईसकट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ब्रेक राहू द्या. ही गाडी आठ दिस हितं ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी एका ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर चढवली. एकशे ब्याऐंशी किलो. शेजारी भुईमुगाची पोती तोलायला थांबलेले हमाल हसत होते. गाडीनंतर सिद्धाप्पांनी मलाही काट्यावर उभं केलं, तेव्हा ते आणखी हसले. मग रोज गिरणीतून पाळी संपवून आले की ते गाडीपुढं मांडी घालून बसायचे. एकेक भाग खोलायचे, तळहातावर धरून डोळे अर्धवट मिटायचे आणि पुटपुटायचे, "ह्यो कशापायी हाय?" उत्तर मिळालं तर तो परत जागेवर. गार्ड गेले, सांगाडे गेले, साखळीवरचं पत्र्याचं अवजड झाकण गेलं, मधला स्टँड गेला. पुढचं मडगार्ड त्यांनी चाकापासून वीतभर वर उचललं, म्हणजे चिखलाला खाली पडायला वाट राहिली. सायलेन्सर कापून, वळवून, मांडीच्या उंचीला आणला, पाण्यात बुडू नये म्हणून. माझी औषधांची सागवानी पेटी बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नवी करून दिली. आठव्या दिवशी काटा एकशे शेचाळीसवर थांबला. सगळे हमाल उठून बघायला आले, आणि या खेपेला कुणी हसलं नाही. सिद्धाप्पांनी गाडी मुद्दाम जमिनीवर आडवी केली आणि मला म्हणाले, "उचला." पाठ हँडलकडं करून, गुडघ्यांत वाकून कशी उचलायची तेही त्यांनीच दाखवलं. मी उचलली. एकट्यानं. पुन्हा आडवी करायला लावली, पुन्हा उचलली. मला भर बाजारात रडू आलं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला त्या काट्याची चटक लागली. आणखी चार किलो, आणखी तीन… मी दर रविवारी त्यांच्या दारात. "हे पायदान बघा की केवढं जाड आहे. भोकं पाडून हलकं करता येईल." ते नको म्हणाले. दुसऱ्या रविवारी पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्या रविवारी त्यांनी पायदानाच्या पट्टीला भोकं पाडून दिली. महिनाभरात एका उतारावर ती पट्टी भोकातूनच तुटली आणि मी दगडांवर आपटलो. गळ्याखालचं हाड मोडलं.

दवाखान्यात ते आले तेव्हा हातात ती तुटकी पट्टी होती. गिरणी बुडवून, बस धरून, आधी त्या उतारावर जाऊन त्यांनी ती शोधून आणली होती. खाटेजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी मला तुटलेली कड दाखवली. "बगा, हितनं चीर सुरू झाली. चूक माजी हाय."

मी म्हणालो, "सिद्धाप्पा, मीच मागं लागलो होतो."

"तुमी मागणारच की. न्हाय म्हणायचं काम माजं हुतं."

पुढं नोकरीत माझ्या हाताखाली माणसं आली, माझ्याही हातून चुका झाल्या. प्रत्येक वेळी ते वाक्य समोर उभं राहायचं, आणि प्रत्येक वेळी मला तसं वागता आलं असं नाही.

माझा हात गळ्यात असेपर्यंत गाडी त्यांच्याकडंच होती. त्यांनी दोन्ही पायदानांच्या पट्ट्या पोलादातून नव्या घडवल्या, पहिल्यापेक्षा जाड. एका जोडाला आतून पट्टी दिली. दोन किलो वजन परत चढवलं आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही. मग माझ्या वजनाचं, मोजून एकावन्न किलोचं, वाळूचं पोतं मागच्या सीटला बांधून ते रोज सकाळी पाळीच्या आधी शहराबाहेरच्या खडकाळ माळावर गाडी फिरवायचे. पेठेतले लोक विचारायचे, "अप्पा, पोतं घेऊन कुटं निगालाव?" ते गंभीरपणे सांगायचे, "डॉक्टरला फिरवालोय." वीस दिवस त्यांनी हे केलं. माझ्या आधी त्या गाडीवर स्वतःचा जीव धोक्यात घातला, आणि हे मला त्यांनी नाही, महादेवीच्या आईनं सांगितलं.

पुढच्या पावसाळ्यात घटसर्प आला. गुरांचा गळा सुजतो, श्वास कोंडतो, संध्याकाळपर्यंत जनावर आडवं. ओढ्यापलीकडच्या तीन वस्त्यांवर बैल मरायला लागल्याचा निरोप आला तेव्हा सिद्धाप्पा योगायोगानं माझ्याकडं आलेले होते. थर्मासमध्ये बर्फात लस. बर्फ फार तर संध्याकाळपर्यंत टिकणार, आणि वस्त्या एकमेकींपासून दोन-दोन कोसांवर. गाडी पलीकडं गेली तरच तिन्ही होणार. ओढ्याला कमरेएवढं लाल पाणी होतं. गावचे लोक म्हणाले, थांबा, उद्या उतरेल. सिद्धाप्पांनी पाण्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "तिघं जण द्या. दोन वासे द्या."

वाशांना दोरांनी बांधून गाडी चौघांच्या खांद्यांवर चढली. पुढचा डावा खांदा सिद्धाप्पांचा. मी थर्मास डोक्यावर धरून मागं. मधोमध एकाचा पाय घसरला, गाडी कलली, आणि क्षणभर सगळा भार सिद्धाप्पांवर आला. ते "शिवा, शिवा" म्हणत नुसते उभे राहिले. पाणी छातीपर्यंत उडत होतं. पहिलं वजन असतं तर ते खाली गेले असते… ते त्यांनाही माहीत होतं. घसरलेला माणूस सावरला, आणि आम्ही पलीकडं निघालो. काठावर बसून धापा टाकताना त्यांनी मला सहज सांगितलं, "मला पोहायला येत न्हाय बगा."

तिन्ही वस्त्या झाल्या. ते बैलांची शिंगं धरायचे, मी सुई टोचायचो. शेवटच्या गोठ्यात पोचलो तेव्हा थर्मासमध्ये बर्फाचे दोन खडे उरले होते. मधल्या वस्तीवर आधीच लागण झालेली अकरा जनावरं दगावली. बाकीची राहिली. बदलीचा अर्ज मी त्यानंतर कधीतरी चुलीत घातला. त्या भागात मी नऊ वर्षं काढली.

महादेवीच्या फोननंतर तिसऱ्या दिवशी मी भवानी पेठेत गेलो. समाधी झालेली होती. लेथवर कापड घातलेलं. महादेवी शाळेतून निवृत्त झालेली, केस पांढरे. तिनं आतून एक काठी आणून माझ्या हातात दिली. शेवटच्या वर्षी अप्पांनी ती स्वतःसाठी केली होती. ॲल्युमिनियमची नळी, मागावरच्या जुन्या धोट्याच्या लाकडाची मूठ, आणि बुडाशी ओतलेलं शिसं. "मी म्हणले, अप्पा, एवढी हलकी नळी घेतलाव, मग खाली शिसं कशाला? तर म्हणाले, लोंबती काठी म्हाताऱ्याच्या हाताला कळत न्हाय. टेकली की टेकली असं कळाय पायजे." मग ती म्हणाली, "काका, ही तुमी न्या."

मी घेऊन आलो. रोज सकाळी तीच घेऊन फिरायला जातो. ते उंच होते, त्यामुळं काठी मला चार बोटं जास्त होते. कोपऱ्यावरचा वेल्डर म्हणतो, दोन मिनिटांत कापून देतो. वरून कापली तर मूठ जाते, खालून कापली तर शिसं जातं… तशीच वापरतो. हात जरा उंच धरावा लागतो.