स्टिकरखालची तारीख

ये गो बाय, अशी जवळ बस. लांब पालीला सासरी असलीस तरी बस. परवा फोनवर म्हणालीस, "आये, माझी कातडीच वाईट हाय, त्याला कोण काय करणार?" परत असं बोललीस ना, तर बघ! लग्नापर्यंत एक पुटकुळी नव्हती तुला.

तुझ्या पहिल्या गौरीच्या ओवशाचं, नव्या नवरीने सुपं भरून गौर पुजायचं सामान मी उरणच्या बाजारातून आणलं. बांगड्या झाल्या, काजळ झालं, आणि एका गाडीवर तोंडाला लावायच्या क्रीमची ती गुलाबी ट्यूब दिसली. गाडीवाला म्हणाला, "मावशी, बंदरावरचा माल हाय, बाहेरदेशचा. वास तरी घे." मी झाकण काढून वास घेतला. कल्ला उचलून मासळी घेणारी बाई मी. शिळा बोंबील मला कुणी विकून दाखवावा. ट्यूबला गुलाबाचा वास. घेतली. खरं सांगू? बंद वस्तू शिळी होते हे डोक्यातच नव्हतं. जन्म मिठागरावर गेला. मीठ दोन पावसाळे झाकून ठेवलं तरी मीठच राहतं.

ओवशाच्या दिवशी तू ती लावलीस आणि तुझे गाल सुजले, मग सोलवटले, मग ते काळे डाग. तू फोनवर विचारलंस, "आये, तारीख बघितली व्हतीस ना?"

मी म्हटलं, "व्हय, बघितली व्हती."

बघितली नव्हती गो. दिवाळीला तुझ्याकडे आले तेव्हा ती ट्यूब गुपचूप पिशवीत घालून आणली. घरी किमतीचा स्टिकर नखाने खरवडला. खाली तारीख होती. तुझं लग्न ठरायच्या आधीच मुदत संपलेली.

आता साधी पावडर घेतली तरी मी स्टिकर काढते, तारीख दोनदा वाचून घेते, क्रीमला पाणी सुटलंय का बघते. दुकानदार चिडवतो, "मावशी, क्रीम घेतेस का बोंबील?" चिडवू दे. पण हे शहाणपण घेऊन मी आता काय करू? डाग जायचे नाहीत असं डॉक्टरने सांगितलंय. तू ओढणी बांधून फिरतेस, चुलत बहिणीच्या हळदीलाही आली नाहीस. स्वतःच्या कातडीला दोष देतेस, आणि मी तीन वर्षं ऐकून घेते.

ट्यूब कपाटातच आहे. टाकवत नाही. फोनवर सांगायला गेले की भलतंच काही बोलून फोन ठेवते, म्हणून लिहिलं. काय बोलायचं ते समोर बसून बोल. तोंडाला ओढणी न बांधता ये. लवकर ये गो.