बावीस नंबरचा फड

आमच्या मालुन्दे सेवा क्लबची बैठक दर गुरुवारी साडेबाराला मका सोसायटीच्या कॅन्टीनमागच्या खोलीत भरते. आम्ही सतरा-अठरा जण आहोत. त्यात माझ्यासारखे दोन शाळामास्तर, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स एडनाबाई, गॅरेजवाला पॅट्सन, काही दुकानदार आणि एक पाद्री. मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा आणि घेवड्याची आमटी खायची, मागच्या बैठकीचं इतिवृत्त ऐकायचं आणि पुढचं काम वाटून घ्यायचं, असा आमचा शिरस्ता. दवाखान्याचं छप्पर आम्ही घातलं, बाजारातल्या बायकांसाठी नळ आणला, पोलिओच्या डोसांना तर दरवर्षी घरोघर हिंडतो.

ओबेद हाबीन्झू या क्लबचे सेक्रेटरी होते. सगळे त्यांना मानाने बा हाबीन्झू म्हणत. साखर इस्टेटीत त्यांनी तीस वर्षं काढली होती, शेवटची वीस तर ऊस पेटवणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणून. आमच्याकडे तोडणीच्या आधी फड पेटवतात. पाचट जळून जातं, सापकिरडू निघून जातं आणि कोयता चालवायला सोपं होतं. चारी बाजूंनी एकाच वेळी आग लावायची म्हणजे ती आत आत जाऊन मिटते, आणि तीस एकरांचा फड वीस मिनिटांत काळा होतो. बा हाबीन्झूंच्या डाव्या भुवईला त्या कामात गेलेले केस पुन्हा आलेच नव्हते.

माणूस शिस्तीचा. लागोपाठ दोन गुरुवार कोणी चुकवले की तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात यांची सायकल उभी. आत यायचे, पाणी प्यायचे, घरात कोणी आजारी आहे का, काही अडचण आहे का, सगळं विचारायचे. माझ्याकडे असे तीनदा आले होते. आणि आमच्यापैकी कोणी त्यांच्या घरी गेलं, तर ते फाटकापाशीच भेटायचे. "बिना चिपेगो झोपलीय," म्हणायचे. चिपेगो त्यांची थोरली मुलगी, राजधानीत, लुसाकाला असते. बिना म्हणजे आई, म्हणून त्यांची बायको बिना चिपेगो. त्या चर्चला यायच्या बंद झाल्या तेव्हा गुडघे दुखतात असं ते म्हणाले, आणि आम्ही मान डोलावली. दोन वर्षं आम्ही नुसती मान डोलावत होतो.

ती सप्टेंबरअखेरची गोष्ट. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. त्या गुरुवारी बैठकीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा विषय होता. कोणाला सरपण हवं, कोणाला डोळे दाखवायला न्यायला हवं. यादी बा हाबीन्झूंनीच केली होती, अकरा नावांची. ती त्यांनी वाचली, आम्हाला वाटून दिली, आणि दोनच्या सुमाराला सायकल घेऊन घरी गेले.

अर्ध्या तासात ते परत आले, चालत. आम्ही पाच-सात जण अजून तिथेच होतो. ते नेहमीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि बैठकीत बोलावं तसं बोलले.

"माझी बायको घरात नाही."

"या वयात पळून गेली म्हणायची," पॅट्सन म्हणाला. दोघं-तिघं हसले. मग त्यांच्या हातातली किल्ली पाहून हसणं थांबलं.

"मी तिला कोंडून येतो," ते म्हणाले. "दर गुरुवारी. दोन वर्षं झाली. आज स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी तोडून ती गेली."

एडनाबाई खुर्चीवरून उठल्या. "तिला आठवत नाही का काही?"

"चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं. मला ओळखत नाही. मी तिचा राखणदार आहे असं तिला वाटतं."

"चिपेगोला माहीत आहे?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

शेजारणीने त्यांना सांगितलं होतं की बिना चिपेगो खांद्यावर कुदळ टाकून कालव्याच्या बाजूला गेल्या. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, बाबांच्या शेतात मका खुरपायची आहे. शेजारणीला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका मरेपर्यंत कुदळ सोडत नाहीत. पण त्यांच्या वडिलांचं शेत होतं कुठे? इस्टेट कालव्यापलीकडे वाढली तेव्हा ते उसाखाली गेलं. तिथे आता बावीस नंबरचा फड होता.

इस्टेटीच्या फाटकाशी एका फळ्यावर त्या दिवशी पेटवायच्या फडांचे आकडे लिहितात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी जाता-येता तो फळा वाचायची त्यांची सवय गेली नव्हती. आज सकाळी त्यावर बावीस लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं.

पॅट्सनने गाडी काढली. बाकीच्यांना निरोप गेले. पावणेचारला आम्ही कालव्याच्या पुलावर होतो, आणि तिथे, पुलाच्या पलीकडच्या टोकाला, कुदळ पडलेली होती. बा हाबीन्झूंनी ती उचलली, दांडा बघून आपल्याच घरची म्हणून ओळखली आणि पॅट्सनच्या गाडीत ठेवली.

फडाच्या कोपऱ्यावर टोळी सावलीला बसली होती. पाण्याचे दोन टँकर, डिझेलच्या मशाली, वीस माणसं. वारा पडायची वाट बघत होते. मुकादम फेस्टस मुलेया हा बा हाबीन्झूंच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि इस्टेटीच्या साहेबांना फोन लावला. पेटवायचं की नाही हे त्याच्या हातात नव्हतं.

साहेब जीपमधून आले. तरुण होते, वाईट माणूस नव्हते. सकाळपासून कारखान्याला ऊस कमी पडत होता आणि त्यांचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी विचारलं, बाईंना फडात शिरताना कोणी पाहिलं? कोणीच पाहिलं नव्हतं. दोन वाजता इशाऱ्याचा भोंगा झाला होता, कडेकडेने माणूस फिरून आला होता, त्यालाही कोणी दिसलं नव्हतं. त्या कालव्याने खाली गेल्या असतील, वर गेल्या असतील, पाण्यातही... तिथे ते थांबले. मग म्हणाले, साडेपाचपर्यंत शोधा, त्यापुढे माझ्या हातात नाही.

आम्ही सतरा जण बैठकीच्या कपड्यांतच आत शिरलो. उभ्या उसात सरीतून चालता येतं. हा ऊस लोळलेला होता. एकावर एक पडलेल्या कांड्या, कमरेइतकं पाचट. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. पात्यांनी गाल, मनगटं कापून निघाली. सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची, आणि बाहेर आलं की पुढची सरी. सगळीकडून हाका ऐकू येत होत्या, पाद्रीबुवांची, पॅट्सनची, दुकानदारांची. एकच आवाज येत नव्हता.

दुसऱ्या फेरीला मी बा हाबीन्झूंच्या शेजारच्या सरीत होतो. ते पाचट हातांनी उचलून बघत होते, तोंडातून शब्द नाही. मी म्हटलं, बा, तुम्ही हाक मारा, तुमचा आवाज ओळखतील.

"ओळखेल, म्हणूनच मारत नाही," ते म्हणाले. "माझा आवाज आला तर ती आणखी आत जाईल, मास्तर. घरात पलंगाखाली जाते."

मग ते पुढे गेले.

साडेपाचला जीपचा हॉर्न वाजला. आम्ही एकेक करून बांधावर आलो. फडाचा तिसरा हिस्सासुद्धा झाला नव्हता. वारा पूर्ण पडला होता. पेटवायला याहून चांगली वेळ नसते. साहेबांनी पुन्हा तेच समजावून सांगितलं, आवाज खाली घेऊन. मला त्यांचं म्हणणं पटत होतं, हे आज कबूल करतो. त्या तिथे आहेत याला पुरावा म्हणजे एक कुदळ.

बा हाबीन्झू फेस्टसपाशी गेले.

"फेस्टस, आत माणूस आहे हे माहीत असताना तू पेटवशील?"

"नाही, बा. तुम्हीच शिकवलंय."

"मग नीट बघून ठेव," असं म्हणून ते वळले आणि उसात शिरले. पाचट वाजत राहिलं, मग तेही ऐकू येईना.

साहेबांनी त्यांना हाका मारल्या, पहिल्यांदा साधेपणाने, मग संतापून. एडनाबाईंनी कमरेला गुंडाळलेलं चिटेंगेचं कापड वर खोचलं आणि त्याही गेल्या. पाद्रीबुवा गेले. पॅट्सन गेला. मी उभा होतो. मला त्या आगीचा आवाज माहीत होता. लांब शाळेच्या वर्गात बसून ऐकला तरी पोरं लिहायची थांबतात. साहेब चिडून, किंवा नुसत्या फोनच्या धाकाने, हो म्हणाले तर? माझ्या घरी दोन मुली होत्या. चौघं आत गेल्यावर पाचवा मी गेलो. आपल्या पायांनी गेलो, की मागे उभं राहवेना म्हणून गेलो, ते मला सांगता येणार नाही.

मागे वळून पाहिलं तेव्हा फेस्टस मशालीच्या डिझेलच्या डब्याचं झाकण आवळत होता. त्याने ती टँकरखाली ठेवली आणि टोळीला शोधायला रांगेत उभं केलं. साहेब जीपमध्ये बसून कोणाला तरी फोनवर सांगत होते की आज बावीस होणार नाही. त्या वीस जणांना ऊस ठाऊक होता. आम्हाला दीड तासात जेवढा फड जमला नव्हता तेवढा त्यांनी अर्ध्या तासात पालथा घातला.

उजेड जात आला होता. एडनाबाईंनी हाक मारायची पद्धत बदलली होती. बिना चिपेगो, बिना चिपेगो असं ओरडणं सोडून त्या लहानपणच्या मैत्रिणीसारखं, त्यांच्या माहेरच्या नावाने बोलत चालल्या होत्या.

"मियोबा, अगं चल की आता. चिब्वांटू आणलाय प्यायला. पुरे झालं आजचं."

आणि उसातून, अगदी जवळून, कुरकुरता आवाज आला. "माझी ओळ राहिलीय अजून. तुझी झाली का?"

बिना चिपेगो दोन सऱ्यांच्या मध्ये बसल्या होत्या. भोवतालचं पाचट हातांनी ओढून त्यांनी चटईएवढी जमीन मोकळी केली होती आणि नखांनी गवत उपटत होत्या. ओठ फुटले होते, पायांतून रक्त आलं होतं. मक्याचं ते आंबट पेय, चिब्वांटू, तिथे कुठलं असायला. एडनाबाईंनी बाटलीतलं पाणी पाजलं. त्यांनी ते घटाघटा प्यायलं आणि आंबट नाही म्हणून तक्रार केली. एडनाबाई हसत होत्या आणि रडत होत्या. मी दोन सऱ्या पलीकडे होतो. सापडल्या, सापडल्या, अशी ओरड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

बा हाबीन्झू पाती बाजूला सारत आले. कपाळ फाटलं होतं, चष्मा उसात कुठेतरी पडला होता. त्यांना बघताच बिना चिपेगोंनी एडनाबाईंचा हात दोन्ही हातांनी धरला.

"तो बघ आला," त्या हळूच म्हणाल्या. "तो मला कोंडतो. मला त्याच्याकडे देऊ नकोस."

आम्ही सगळे ऐकत होतो. बा हाबीन्झूही ऐकत होते. तोंड बायकोकडेच ठेवून एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक, पाती त्यांच्यापुढे मिटली आणि ते दिसेनासे झाले. मग त्या उठल्या. आम्ही त्यांना बाहेर आणलं, गाडीत बसवलं, एडनाबाईंनी आपल्या घरी नेलं. गाडी पूल ओलांडून जाईपर्यंत ते आतच होते. शेवटी फेस्टस जाऊन त्यांना घेऊन आला.

चिपेगो शनिवारी आली. अंगणात उभी राहून ती बापाला जे बोलली ते अख्ख्या आळीने ऐकलं. मला का कळवलं नाहीस, आईला कोंबडीसारखं डांबून तू बैठकीला जात होतास, लोकांच्या म्हाताऱ्यांना सरपण वाटत होतास. तिच्या आईचे कपडे बा हाबीन्झूंनी आधीच बांधून ठेवले होते, औषधांच्या वेळा एका कागदावर लिहून ठेवल्या होत्या.

चिपेगो आईला घेऊन गेली, आणि लुसाकाला ते दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांना पाहून बायको घाबरली. म्हणून तिसऱ्यांदा ते चिपेगोच्या घरासमोरच्या रस्त्यावर उभे राहून, अंगणात शेंगा सोलणाऱ्या बायकोला लांबूनच बघून आले. पुढच्या थंडीत, आमच्याकडे ती जूनमध्ये असते, बिना चिपेगो वारल्या. मातीला आम्ही सगळे गेलो होतो. चिपेगोने बापाला शेजारी बसवून घेतलं, तेवढं बरं झालं.

सेक्रेटरीपद त्यांनी चिठ्ठी पाठवून सोडलं होतं. ते काम आता माझ्याकडे आहे. गुरुवारी बैठक उठली की आमच्यापैकी एक जण पाळीने त्यांच्या घरी जातो. आता ते फाटकापाशी थांबवत नाहीत. आत बसवतात, चहा करतात, नळाचं काय झालं, दवाखान्यात नवी नर्स आली का, असं विचारतात. बिना चिपेगोंबद्दल आपणहून बोलत नाहीत.

माझी पाळी असताना मी एकदा धीर करून म्हटलं, बा, आता या की परत. खुर्ची तशीच आहे. कोणाच्या मनात काही नाही.

त्यांनी कप खाली ठेवला.

"तिथे यायचं म्हणून मी दार लावत होतो, मास्तर," ते म्हणाले. "ती आतून म्हणायची, मी शहाण्यासारखी बसते, लावू नका. दर वेळी म्हणायची. आणि मला उशीर होत असायचा."

चहा संपवून मी उठलो. पुढच्या गुरुवारी पाद्रीबुवांची पाळी होती.