प्रेस शॉपमधल्या खुणा

चाकणच्या कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनच्या आवाजापुढे बोलणं ऐकूच येत नसे. लाइनवरच्या बायका हातांच्या खुणांनी बोलत आणि इंग्रजी शाळेतून आलेली, नवीन लागलेली मी एकटी पडत असे. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरच्या ताईंना म्हणाले, “मी नोकरी सोडते.” त्या हसल्या. “अगं इंग्लिश मीडियम, इथं तोंड नाही, हात चालतात.” मग त्यांनी रोज एकेक खूण शिकवली: पाणी, थांब, साहेब आले.

एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये सगळ्या झोपल्या होत्या. ताईंचा हात मांडीवर हलला: उद्या येणार? त्यांचे डोळे मिटलेले होते. पलीकडच्या सीटवरही झोपलेले हात हलत होते. मी घाबरून खाली पाहिलं. माझ्या बोटांनी ‘हो’ म्हणून टाकलं होतं.

राजीनामा मी दिला नाही.