होडीत हरणाची जागा

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कतारमधल्या अल वक्राच्या किनाऱ्यावर मला एक ड्रायव्हर भेटायचा. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्यानं तेवढी उसंतच दिली नाही. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून तो तिथं जाऊन हरणाची शिकार करायचा बेत आखत असे. बंदूक नाही, होडी नाही, व्हिसा नाही. बेत मात्र पक्का.

"सरकारी जंगल आहे, कुणीही जावं," तो सांगायचा. "रस्त्यानं सगळेच जातात. आपण नदीतून होडीनं मागच्या बाजूला उतरायचं. हरणाला पत्ताच नाही!"

मग वाळूत होडी आणि तिच्यात चार माणसं काढून तो खिशातला बॅगा तोलायचा काटा बाहेर काढायचा. गावी जाणाऱ्यांबरोबर घरी सामान पाठवून पाठवून त्याला प्रत्येक गोष्ट किलोतच दिसायची. एकदा माझी चप्पलही त्यानं आकड्याला लटकवली आणि "जड आहे, अनवाणी या" असा निकाल दिला.

एका शुक्रवारी तो चेहरा पाडून बसला होता.

"साहेब, घोटाळा झाला. होडी चौघांची. येताना हरीण चढलं की एक माणूस जास्त होतो."

"हरणाचे तुकडे करा."

"तुकडे केले तरी वजन तेवढंच ना!" माझ्या इंजिनिअरिंगची त्याला कीव आली.

बराच विचार करून त्यानं होडीतला एक माणूस बोटानं पुसला. स्वतःला.

"मी थांबतो तिकडं. हरीण घरी पोचू दे."

"आणि तुम्ही?"

"मला सवय आहे, साहेब," काटा खिशात ठेवत तो म्हणाला. "बावीस वर्षं सामानच घरी पोचतंय."