जीपमधलं डिझेल
माझं अक्षर किरटं आहे आणि शाळा चौथीतच सुटली, तेव्हा हे कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात. आज दारावरून जीप गेली, डिझेलचा वास घरात शिरला आणि चोरीला गेलेल्या आमच्या शेळ्या आठवल्या. तेव्हा आमचे मालक म्हणाले होते, "उद्या सोनपेठचा बाजार हाय. चोर तिथंच इकायला आणतील, मी जातो." मीच त्यांना अडवलं आणि पोलीस ठाण्यात नेलं. जमादार गोड बोलले, "ताई, बाजारात आमीच जातो. तुमाला बघून चोर पळंल. पण गाडीत डिझेल न्हाई." मी शेजारच्या काकूंकडून उसने पैसे आणून त्यांना दिले. दुसऱ्या दिवशी मालक घरी थांबले आणि मी नारळ घेऊन पोखर्णीला गेले. नरसिंहाच्या देवळापुढं ठाण्याचीच जीप उभी होती. बायको-लेकरांना पेढे देत जमादार हसले, "तुमी बी आलात का दर्शनाला? बाजार काय, पुढच्या आठवड्यात बी भरतोय की!" संध्याकाळी बाजारावरून आलेल्या माणसानं सांगितलं, की आमची कानफाटी शेळी खाटकाच्या टेम्पोत चढताना त्यानं पाहिली. त्यानंतर आमच्या गल्लीत किती चोऱ्या झाल्या, पण ठाण्याची पायरी मी पुन्हा चढले नाही. खुरपणीच्या रोजातून पैसे साठवून काकूंकडं गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे गं, तुझ्या शेळ्या कुठं मिळाल्या?" मी म्हणाले, "तुमी माझ्या भरवशावर दिले होते," आणि सगळे पैसे त्यांच्या हातावर ठेवले.