जाऊबाईंचं ‘जा’ आणि ‘थांब’

आमच्या कपबश्यांच्या कारखान्यात कप वाजवून पाहायचं काम ज्या बाईकडे होतं, तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचाच. ती बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सगळे त्यांना तोंडावर ‘कानसेन’ म्हणायचे आणि त्याही ते मानाने घ्यायच्या.

काम असं, की भट्टीतून आलेला कप डाव्या बोटावर अडकवायचा आणि लाकडी कांडीने काठावर हलकेच मारायचं. चांगला कप खणखणीत वाजतो, आवाज लांबत जातो. डोळ्यांना न दिसणारा तडा असेल तर बद्द वाजतो. चांगल्या कपाला जाऊबाई म्हणायच्या “जा”, तडकलेल्याला “थांब”. ‘जा’ झालेला कप माझ्या टेबलावर यायचा आणि मी तो कागदात गुंडाळून खोक्यात भरायची. त्यांच्यानंतर कोणी कप पुन्हा वाजवायचा नाही, अशी पद्धतच होती. बावीस वर्षं त्यांचा शब्द शेवटचा.

त्यांची कानातली यंत्रं अकरा वर्षांची. एकाच्या बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं आणि दुसरं मान वळवली की शिटी मारायचं. तरी त्या जोडीवर त्यांचा जीव. शेवटी डावं यंत्र दुपारनंतर मुकं व्हायला लागलं, तेव्हा त्यांच्या मुलाने नवी जोडी आणली. इवलीशी, करड्या रंगाची, मोबाईलला जोडलेली.

जाऊबाईंना पहिल्या दिवसापासून ती खटकली. मुळात त्यांचा स्वभावच असा, की भाजीवाल्याने एक मिरची जास्त घातली तरी त्या पिशवी उलटी करून बघणार.

“मोबाईलला कशाला जोडायचं?” त्या मला म्हणाल्या. “म्हणजे मी काय ऐकते ते पोरगं तिकडे बसून ऐकणार.”

“जाऊबाई, तो तुमचं समोर बसून ऐकत नाही, तिकडे बसून कशाला ऐकेल?”

“तू त्याचीच बाजू घे.”

घरात पंख्याची कुरकुर, पेपरची सळसळ, शेजारच्यांचा नळ, सगळं त्यांच्या अंगावर येत होतं. सून फोनवर हळू बोलायला लागली की यांचा संशय पक्का. एकदा तर त्या मला म्हणाल्या, “धाकटे, तू जेवताना एवढा आवाज करतेस? इतकी वर्षं करतेस?” मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्यासमोर जेवले नाही.

पुढच्या सोमवारी त्या नवी जोडी घालून कामावर बसल्या. पहिला कप वाजवला, भुवई चढली. “थांब.” दुसरा, “थांब.” तिसरा, चौथा, “थांब, थांब.” मधूनच एखादा “जा.” दुपारपर्यंत त्यांच्या मागे दीडशे कपांची रास झाली आणि माझ्यापुढे जेमतेम तीस. भट्टीवाले काका हात पुसत तरातरा आले.

“बाई, माझी भट्टी बिघडली म्हणता काय?”

“आवाजाचा शेवट थरथरतो,” जाऊबाई म्हणाल्या. “प्रत्येकाचा. मला फसवू नका, माल बदललाय तुम्ही.”

“शाई आणा रे!” काका ओरडले.

आमच्याकडे वाद मिटवायचा हाच उपाय. कपावर निळी शाई फासायची आणि पुसून काढायची. तडा असेल तिथे निळी रेघ उरते. काकांनी ‘थांब’ केलेल्या राशीतले वीस कप घेतले. वीसच्या वीस पांढरे स्वच्छ निघाले. सगळं खातं काम सोडून बघत होतं.

“शाईत पाणी घातलंय,” जाऊबाई म्हणाल्या. कोणीतरी फिसकन हसलं. बावीस वर्षांत त्यांच्या टेबलापाशी असं हसलं नव्हतं कोणी.

सुपरवायझर साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. म्हणाले, “पुन्हा असं झालं तर हे टेबल दुसऱ्या बाईला द्यावं लागेल.” जाऊबाईंनी पिशवीतून जुनी जोडी काढली, कानात घातली आणि ती सगळी रास पुन्हा वाजवायला बसल्या.

आता माझं पाप सांगते. मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणून मी माझ्याकडे आलेल्या तीस कपांपैकी काहींना गुपचूप शाई लावली. एका कपावर रेघ उमटली. काठापासून बुडापर्यंत, केसाएवढी. म्हणजे चांगल्याला ‘थांब’ आणि तडकलेल्याला ‘जा’! बाकीचे पुन्हा वाजवले जावेत म्हणून मी परत त्यांच्या राशीत सरकवले. हा मात्र एप्रनच्या खिशात घातला. हे बाहेर पडलं असतं तर त्यांचं टेबल त्याच दिवशी गेलं असतं. मी त्यांची लाज झाकली असं मला वाटलं. खरं तर त्यांना सांगायची मला भीती वाटली.

जुनी जोडी घातल्यावर सगळं पूर्ववत झालं. पण डावं यंत्र आता अकरा वाजताच बंद पडायला लागलं. मुलगा मागे लागला, तेव्हा गुरुवारी मी जाऊबाईंना कानाच्या यंत्रवालीकडे घेऊन गेले. त्यांनी घरातल्या फळीवरचे सहा कप टॉवेलात गुंडाळून घेतले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः ‘जा’ म्हणून पास केलेले, आमचे रोजचे चहाचे.

“हिच्यासमोरच वाजवते,” त्या म्हणाल्या. “मग बघू काय सबबी सांगते.”

यंत्रवाली तरुण होती, पण शांत. तिने कप वाजवून घेतले, संगणकात पाहिलं आणि हसली. “मावशी, चूक तुमची नाही. जुनं यंत्र शिटी मारायचं ना? नव्यात ती शिटी दाबायची सोय आहे. कपाचा लांब, स्वच्छ आवाज ऐकला की त्याला वाटतं ही आपलीच शिटी. मग ते तो आवाज दाबायला जातं आणि आवाज थरथरतो.”

“म्हणजे चांगल्या कपाचा गळा धरतं आणि तडकलेल्याला सोडून देतं?”

“बद्द आवाज लांबतच नाही ना, म्हणून त्याला संशय येत नाही.”

मला हसू आवरेना. यंत्रसुद्धा आमच्या जाऊबाईंसारखंच संशयी निघालं होतं. बटण दाबलं की ती सोय बंद होईल, असं यंत्रवालीने करून दिलं, फक्त कामापुरतं.

जाऊबाईंनी बटण दाबून पुन्हा कप वाजवले. पहिला लांब वाजला. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “जा,” त्या म्हणाल्या, अगदी मायेने. दुसरा, तिसरा, “जा, जा.” चौथ्याला त्या थबकल्या. पुन्हा वाजवला. नवी यंत्रं काढून जुनी घातली, वाजवला. “जा.” परत नवी घातली.

“थांब,” त्या म्हणाल्या.

घरी पोहोचल्यावर चप्पल न काढताच त्यांनी नातवंडाच्या दप्तरातून शाईची दौत काढली. चौथ्या कपावर, धरायच्या कानाच्या खाली, निळी रेघ उरली. ज्या जोडीवर त्यांनी डोळे मिटून विश्वास टाकला, ती कधीपासून चुकत होती हे कळायला आता मार्ग नव्हता.

“जाऊबाई, कोणाला सांगू नका,” मी म्हणाले. “उद्यापासून नवी घाला. संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

त्यांनी चौथा कप टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवला.

शुक्रवारी भोंगा व्हायच्या आत त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. “गोदामातले माझ्या हातचे सगळे खोके उघडा. मला पुन्हा वाजवायचेत.”

“बाई, कोणाची तक्रार नाही, काही नाही. कशाला उगाच?”

“कप हातात फुटेल तेव्हा तक्रार करायला हात तरी धड राहायला हवा. नंतर टेबल कोणाला द्यायचं ते द्या.”

खोके उघडले. मी कागद सोडवत होते, त्या वाजवत होत्या. पहिल्या दोन खोक्यांत तीन ‘थांब’ निघाले. प्रत्येक ‘थांब’ला त्यांचा आवाज खाली जात होता, पण हात थांबला नाही. मला मात्र खिशातला कप जड झाला. मी तो काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी वाजवला. “थांब.” मग बुडाशी वाळलेली शाई पाहिली. “हा कधीचा?”

“सोमवारचा. तुम्ही ‘जा’ म्हणाला होतात.”

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. त्या कांडी खाली ठेवून बसून राहिल्या.

“धाकटे, बावीस वर्षं मी प्रत्येक कपावर संशय घेतला,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर कोणीच घेतला नाही. एक तू घेतलास, आणि तोही खिशात ठेवलास.”

माझे डोळे भरले.

त्यांनी शेजारचं स्टूल पायाने ओढलं, शाईची बाटली माझ्यापुढे सरकवली आणि आत्ताच ‘जा’ म्हटलेला कप माझ्या हातात दिला.

“लाव,” त्या म्हणाल्या. “आणि रेघ निघाली तर मोठ्याने सांग. आता मला ऐकू येतं.”