टोपल्यात पडलं ते तिचं

साल दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तलावावर माझा शब्द अजून चालत होता.

आम्ही भोई. तिवस्याकडच्या एका तलावात बापजाद्यांपासून जाळं टाकतो. नागपूरचा रस्ता रुंद झाला, तशी कडेनं हॉटेलं उभी राहिली. रविवारी मासे खाणारी माणसं रोज मागू लागली. खोटं कशाला बोलू, त्याच पैशानं आमच्या घरावर स्लॅब चढला, पोराकडं फटफटी आली. पण तलाव काही रुंद झाला नाही. हातभर येणारा रोहू वीतभरावर आला.

त्या पावसाळ्यात एका हॉटेलवाल्यानं नवीच फर्माईश काढली. बोटाएवढी पिल्लं पाहिजेत, कुरकुरीत तळायला. पोरानं मच्छरदाणीसारखं बारीक जाळं आणलं. मी नको म्हटलं, तर म्हणाला, बाबा, तुमचा जमाना गेला.

पहिल्याच ओढीला टोपलं भरलं. हॉटेलचा माणूस काठावर उभाच होता. आता आमच्यात रीत अशी की, मासा धरणं पुरुषाचं, पण टोपल्यात पडला की तो बाईचा. भाव तीच करते, गिऱ्हाईक तीच ठरवते. पुरुषानं त्यात तोंड घालायचं नाही.

सून आली. माझ्यासमोर कधी मान वर न करणारी. तिनं तडफडणारी पिल्लं पाहिली, टोपलं कमरेवर घेतलं, गुडघाभर पाण्यात गेली आणि सगळं ओतून दिलं.

पोरगा चवताळला. ती आवाज न चढवता म्हणाली, "टोपल्यात पडलं ते माह्यं. इकीन नाईतं सोडीन. हे आज इकलं, तं दिवाळीले काय इकू? तुमची फटफटी?"

काठावरचे सगळे हसले. पोरगा माझ्याकडं वळला. "बाबा, तुमी काहून बोलत नाई?"

"रीत तुह्या आज्याची हाय. माल तिचा. गप ऱ्हाय."

तुमचा मोठा मासाही घेणार नाही, असं बजावून हॉटेलचा माणूस निघून गेला. सून रिकामं टोपलं घेऊन घरी गेली. मी सहसा कोणाची तारीफ करत नाही. पण भरलं टोपलं उलटं करायची छाती मी जन्मात कोणात पाहिली नव्हती. माझ्यातही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, पायी त्या हॉटेलावर गेलो आणि मालकाला सांगितलं, "मोठा मासा दिवाळीले भेटंन. भाव सूनबाई सांगंन."